सिंगल स्पीड सायकल: पुढे ४४ दाते, मागे किती? (नवी मुंबई, जुईनगर ते महापे, वर्षभराचा रिव्ह्यू)

आधीच सांगते, मी सायकलवाली बाई नाहीये. रविवारी पहाटे पाम बीच रोडला टाइट कपडे घालून सुसाट जाणारी मंडळी असतात ना, त्यांच्याकडे मी आजही बसच्या खिडकीतूनच बघते. मी सायकल घेतली ती कोपरखैरणे स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाच्या लाइनीला वैतागून. जुईनगरला ट्रान्स हार्बर लोकल पकडायची, मध्ये तुर्भे, की लगेच कोपरखैरणे, म्हणजे बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ, आणि मग महापेच्या रिक्षासाठी अर्धा तास उभं राहायचं, ते पण शेजारच्याच्या बॅगेचे धक्के खात. एक दिवस मोबाइलवर अंतर बघितलं तर घर ते ऑफिस साधारण ९ किलोमीटर. म्हटलं एवढ्यासाठी आपण रोज सव्वा तास घालवतोय?

२०२५ च्या पाडव्याला सायकल आली, आता वर्ष होत आलं, एक अख्खा पावसाळा काढून झालाय, म्हणून हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण माझी तक्रार कंपनीपेक्षा विकणाऱ्यावर जास्त आहे, आणि खरं सांगायचं तर या किमतीतल्या चारपाच सायकली एकमेकींच्या सख्ख्या बहिणीच वाटतात.

गिअरवाली का नाही, हे सगळ्यांनी विचारलं. नवऱ्याने विचारलं, भावाने विचारलं, वॉचमन काकांनी पण विचारलं ("ताई, आजकाल तर एकवीस गिअरची येते"). तर कारण असं की भावाची एकवीस गिअरवाली आमच्याच सोसायटीत तीन वर्षं उभी आहे आणि तो त्यातले दोन गिअर वापरायचा. पहिल्या पावसात गिअरच्या वायरला गंज धरला, मागचं ते लोंबणारं डिरेल्युअर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवतं ते) कोणीतरी पार्किंगमध्ये स्कूटर लावताना वाकवलं, त्यानंतर चेन आपल्या मनाने उड्या मारायला लागली. खाडीच्या काठावर राहतो आपण, इथे लोखंडाला मरायला कारण लागत नाही. जेवढी कमी यंत्रं तेवढं बरं, आणि वाशी-नेरुळचा भाग बराचसा सपाटच आहे, पूल सोडले तर.

दुकानात गेलात की सिंगल स्पीडच्या नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू दाखवतात. एक ती आपली काळी, दांडीचे ब्रेक असलेली दूधवाल्याची सायकल. माझ्या बाबांकडे ॲटलस होती त्यामुळे मला तिचं भारी प्रेम, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये, तोसुद्धा नेमका सायकल दिनाच्या दिवशी, बंद पडला तेव्हा बाबा दिवसभर गप्प होते. पण ही सायकल वीस किलोच्या आसपास भरते आणि तिच्या चमकणाऱ्या स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक म्हणजे नुसती विनंती असते. आमच्या बिल्डिंगला लिफ्टपर्यंत चार पायऱ्या आहेत, तिथेच विषय संपला. दुसरी ती जाड टायरवाली, पुढे शॉकॲब्सॉर्बर लावलेली, स्टिकर बघून वाटावं हिमालयात निघालीय. तो शॉकॲब्सॉर्बर म्हणजे दीडदोन किलोचं ओझं, पायाची ताकद खाली जायची ती तो खातो आणि आपण डुगडुगत राहतो. पोरांना आवडते, घेऊ द्या त्यांना. तिसरी सरळ हँडलची, मोठ्या, ७०० साइजच्या चाकांची सिटी टाइप. मी ती घेतली, साडेबारा हजाराला. चौथा एक प्रकार असतो फिक्सी, ज्यात पायडल थांबवताच येत नाही, चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, तो मला एका पोराने फार कौतुकाने दाखवला. मी म्हटलं बाळा, एपीएमसी मार्केटचे ट्रक बघितलेस का तू कधी?

आता मुद्द्याची गोष्ट, ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

सिंगल स्पीड घेताना लोक रंग बघतात, वजन बघतात, डिस्क ब्रेक आहे का विचारतात. एक गोष्ट कोणी विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही, ती म्हणजे मागच्या फ्रीव्हीलला, म्हणजे मागच्या चाकावर चेन बसते त्या चक्राला, दाते किती. अहो, गिअर एकच आहे ना, तर तो कुठला आहे हे नको का बघायला? मी विचारलं होतं, म्हणजे भावाने विचारायला सांगितलं होतं, तर वाशीच्या त्या दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, सिंगल स्पीड में सब सेम होता है." मी ऐकलं. वर त्याने मला लेडीज मॉडेल म्हणून गुलाबी, पुढे टोपली लावलेली सायकल दाखवायला सुरुवात केली त्यामुळे माझं अर्धं लक्ष रागात होतं.

सब सेम अजिबात नसतं. माझ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १६ निघाले. ४४ भागिले १६ म्हणजे २.७५, म्हणजे पायडलची एक फेरी मारली की मागचं चाक पावणेतीन वेळा फिरतं. ३८ मिलिमीटर रुंद टायरसकट माझ्या चाकाचा घेर साधारण २ मीटर १८ सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीत सायकल जवळजवळ ६ मीटर पुढे. ऐकायला मस्त वाटतं, आणि सपाटीला आहेच मस्त, मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तरी ताशी २१ किलोमीटरच्या वर स्पीड मिळतो. शोरूमच्या बाहेर दोन चकरा मारल्या तेव्हा मला वाटलं काय पळते ही!

मग आला सोमवार आणि आला कोपरखैरणेहून महापेला जाणारा पूल.

पाठीवर लॅपटॉप, कॅरियरला डबा, आणि पुलाच्या मध्यावर माझा स्पीड १२ वर आलेला. १२ च्या स्पीडला ६ मीटरच्या गिअरमध्ये मिनिटाला जेमतेम ३३ फेऱ्या होतात. म्हणजे प्रत्येक पायडल जिना चढल्यासारखं दाबायचं, उभं राहून, सगळं वजन टाकून. पहिला आठवडा मला वाटलं सवय नाही म्हणून होतंय. दुसऱ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात मी पुलावर उतरून सायकल ढकलत चालले होते आणि ऑफिसमधली एक जण रिक्षातून हात करून गेली. रिक्षातून!

सीटची उंची चुकली असेल म्हणून ती पण करून बघितली. टाच पायडलवर ठेवायची, पायडल सगळ्यात खाली, पाय सरळ व्हायला पाहिजे, मग चवडा ठेवला की गुडघा हलकासा वाकतो, एवढं साधं आहे ते, पण दुकानातून निघताना माझी सीट दोन इंच खाली होती आणि कोणी सांगितलं नव्हतं. त्याने थोडा फरक पडला, पण पूल काही खाली आला नाही.

शेवटी भाऊ म्हणाला मागे अठरा दात्यांचं फ्रीव्हील टाक. अठरा का, तर साध्या सायकलींना सर्रास अठराचंच असतं, कुठेही मिळतं, स्वस्त मिळतं. मी घराजवळ एका मेकॅनिककडे गेले, त्याच्याकडे ते काढायचा पाना नव्हता, त्याने छिन्नी लावली आणि हातोडी मारायला सुरुवात केली. फ्रीव्हील आट्यांवर बसवलेलं असतं आणि आपण जितकं पायडल मारू तितकं ते आणखी आवळत जातं, महिनाभर मी पुलावर उभं राहून त्याला आवळलंच होतं, ते कसलं निघतंय छिन्नीने. फ्रीव्हीलवरच्या, पाना बसायच्या दोन खाचा उडाल्या तेव्हा मी सायकल ओढून घेतली.

मग तुर्भ्याला एक मामा सापडले, टपरी एवढीशी, पण बाकाला वाईस (वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा) बोल्ट केलेला. त्यांनी चाक काढलं, उरलेल्या खाचांत बसणारा पाना शोधला, पाना वाईसमध्ये उभा आवळला, वरून चाक उलटं ठेवलं आणि दोन्ही हातांनी रिम धरून ट्रकचं स्टिअरिंग फिरवतात तसं चाकच फिरवलं. कट्ट! एकच आवाज, आणि फ्रीव्हील मोकळं. मला म्हणाले, "ताई, जोर पान्याला नाही लावायचा, चाकाला लावायचा." आट्यांना ग्रीस लावून अठराचं हाताने फिरवत बसवलं, म्हणाले पुढच्या वेळी असंच अलगद निघेल. दोन दाते वाढले की अर्ध्या इंचाची एक कडी जास्त लागते पण तेवढी लांबी चेनच्या वरच्या आणि खालच्या बाजूत अर्धी-अर्धी वाटली जाते, त्यामुळे एक्सल पाव इंचच पुढे सरकवला आणि जुनीच चेन बसली. मजुरी आणि पार्ट मिळून ४०० रुपये. सब सेम म्हणणाऱ्याने हे आधीच बदलून दिलं असतं तर माझे पाच आठवडे आणि एक गुडघा वाचला असता.

आता एका फेरीत ५.३ मीटर. ६० फेऱ्यांना १९ चा स्पीड. सपाटीला दोन किलोमीटर स्पीड गेला, त्याने ऑफिसला तीन-चार मिनिटं उशीर होतो, सिग्नलला तेवढा वेळ तसाही जातो. पुलावर मात्र मी आता बसून चढते, फुगलेल्या तोंडाने का होईना पण बसून. वजन जास्त असेल, गुडघे आधीच कुरकुरत असतील, तर सरळ वीस दात्यांचं टाका, लाजू नका. उतारावर पाय भराभर फिरतात आणि वेडं वाटतं, तेव्हा पायडल थांबवून निवांत बसायचं, फ्रीव्हील आहे ना.

आणि चढाचं एवढं लिहितेय पण आपल्याकडचा खरा घाट म्हणजे वारा. जून ते सप्टेंबर संध्याकाळी महापेहून खाली येताना नैऋत्येचा वारा तोंडावर, वाशीत मोकळ्या जागी तर असा येतो की सपाट रस्त्यावर पूल चढल्यासारखं वाटतं, आणि पुलाला निदान शेवट असतो. त्या दिवसांत मला अठरा पण जड वाटले.

पावसाचं सांगते. इथे सिंगल स्पीडने पैसे वसूल केले. रोज भिजली, मी घरी आल्यावर फक्त फडक्याने चेन पुसायची आणि आठवड्याला दोनदा प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, पायडल उलटं फिरवत, मग परत पुसायची. बास. जून ते सप्टेंबर एकदाही सायकल अडली नाही, फक्त दोन पंक्चर, दोन्ही खडीने. चेन ताणली गेली का बघायला मी लेकाची फूटपट्टी वापरते: एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवायचं, १२ इंचावर बरोबर पिनचा मध्य यायला पाहिजे. पिन एक सूत, म्हणजे पाव इंचाचा अर्धा भाग, पुढे गेली असेल तर चेन संपली आणि बहुतेक दातेही झिजले. त्याच्या अर्ध्यावर असतानाच बदलली तर फक्त चेनवर भागतं. माझी दिवाळीला अर्ध्यावर आली, बदलली. गिअरवाल्या सायकलीची चेन बारीक असते आणि महाग, आपली साधी जाड, तुर्भ्याचे मामा खिळ्याला टांगूनच ठेवतात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती. चेनकव्हर. गिअरवाल्या सायकलीला पूर्ण बंद चेनकव्हर बसत नाही कारण चेन आडवी सरकायला जागा लागते. सिंगल स्पीडला बसतं. माझ्या सायकलीला दुकानातून नुसती वरची अर्धी पट्टी आली होती, मामांनी लेडीज सायकलचं पूर्ण पत्र्याचं कव्हर थोडं वाकवून बसवून दिलं, पुढच्या ४४ दात्यांच्या चक्राला ते बसतं. त्या दिवसापासून मी सलवार कुर्त्यात सायकल चालवते, पायाला क्लिप नाही की घोट्यावर काळा पट्टा नाही. ओढणी मात्र घरीच, ती मागच्या चाकात जाते, त्याला कव्हर काही करत नाही. खड्ड्यात कव्हर खडखडतं, आत चेन घासते आणि मला लहानपणीच्या भाड्याच्या सायकली आठवतात, तासाला रुपया वाल्या.

ब्रेक साधे रिमवर दाबणारे आहेत, ॲल्युमिनियमची रिम आहे. पहिल्या पावसात लक्षात आलं की ओल्या रिमवर पहिली चाकाची एक फेरी ब्रेक फक्त पाणी पुसतो, मग धरतो. म्हणून सिग्नल दिसला की आधीच हलकं दाबून ठेवायचं. डिस्क असती तर बरं झालं असतं का? झालं असतं, पण या किमतीच्या डिस्क मी मैत्रिणीच्या सायकलवर बघितल्यात, वाकून किरकिरत असतात. मी ब्रेकचे रबर बदलले आणि गप्प बसले.

मागच्या चाकाचा एक त्रास सांगायलाच हवा. चेन ताणायची म्हणजे चाकच मागे ओढून नट आवळायचे, आणि नट ढिला राहिला तर जोरात पायडल मारल्यावर चाक डावीकडे तिरकं होतं आणि टायर फ्रेमला घासतं. माझं झालं, वाशी सेक्टर १७ मध्ये, ऐन साडेनऊला. पंधरा नंबरचा पाना तेव्हापासून डब्याच्या पिशवीत असतो. चेन मध्यावर बोटाने दाबली तर अर्धा इंच हलली पाहिजे, अगदी ताठ ठेवली तर बेअरिंग खाते.

टायर घेताना २८ चे बारीक घेऊ नका, आमच्याकडे पेव्हर ब्लॉक आणि खोदकाम यांच्या मधून वाट काढायची असते, ३५ किंवा ३८ घ्या. आणि व्हॉल्व्ह बघा, पेट्रोल पंपावर हवा भरायची तर मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह हवा, बारीक असेल तर दहावीस रुपयांचा ॲडॉप्टर मिळतो तो कीचेनला लावून ठेवा. ७०० ची ट्यूब गल्लीतल्या दुकानात मिळत नाही, एक घरी असू द्या. मडगार्ड दोन्ही, पूर्ण लांबीचे, यावर चर्चा नाही. लाइट, घंटा, हेल्मेट तुमचं तुम्ही बघा.

ठाणे-बेलापूर रस्ता मी टाळते, तिथे कंटेनरच्या शेजारून जायची माझी छाती नाही, सानपाडा-वाशी-कोपरखैरणे आतून जाते, ४० मिनिटं लागतात. ऑफिसात एक कुर्ता ड्रॉवरमध्ये असतो.

ज्यांना खारघरच्या टेकडीकडे किंवा बेलापूरला पारसिक हिलवर राहायचंय, किंवा ठाण्यात घोडबंदर रोडवरून गायमुखचा चढ रोज घ्यायचाय, येऊरची हौस आहे, त्यांनी माझं ऐकू नका, गिअरवालीच घ्या. ज्यांना नुसतं घर ते स्टेशन दोन किलोमीटर जायचंय त्यांना साडेबारा हजार घालायची पण गरज नाही, जुनी घ्या, चोरीला गेली तरी रडू येणार नाही.

किमतीचं एक. मी घेतली तेव्हा सायकलवर १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय. ऑफिसमधल्या मैत्रिणीला (रिक्षातून हात करणारी, तीच) नोव्हेंबरमध्ये एका दुकानात जुन्या एमआरपीच्या स्टिकरवरच भाव सांगत होते, तिने पक्कं बिल मागितलं तेव्हा गणित आपोआप सुधारलं. पक्कं बिल घ्या.

माझ्याकडून सायकलला पाचपैकी चार. एक कापला तो सोळा दात्यांसाठी. विकणाऱ्या दुकानाला एक, तो पण त्यांच्या पंख्याखाली बसायला दिलं म्हणून. तुर्भ्याच्या मामांना पाच.

मैत्रिणीने आधी दात्यांचा फोटो पाठवला होता दुकानातून, तेलकट, काळा, मला काही मोजता येईना. मग तिला सांगितलं पर्समधली नेलपॉलिश काढ, एका दात्याला ठिपका लाव आणि तिथून चाक फिरवत मोज. दुकानदार बघत बसला म्हणे. अठरा निघाले. ठिपका अजून आहे, लाल, पार्किंगमध्ये तिची सायकल मी त्यावरूनच ओळखते.